प्रश्न तुमचे: बिल आहे हो, पण मासा कुठला?

मागच्या महिन्यात मासळी बाजारावर दोन पानं काय लिहिली, त्यानंतर आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच विषयाची, हा मासा विकायला चालतो का, तो बाहेरून आणायला चालतो का, अमुक बॅन आहे म्हणे खरं का. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून सहा प्रश्न निवडलेत आणि पत्रं जरा छोटी केलीत, राग मानू नका.

मी पुण्यात ताज्या मासळीची घरपोच डिलिव्हरी करतो. मुशी आणि पाकट कापून, साफ करून पॅकेट येतात, पक्कं बिल येतं. आता एक कस्टमर म्हणाला की मुशी विकणं गुन्हा आहे, सात वर्षं आत जाल. खरंय का? – एक वाचक, पुणे

दादा, कस्टमर अर्धा बरोबर आहे आणि अर्धं बरोबर असलेलं माणूसच जास्त घाबरवतं. मुशी हे एका माशाचं नाव नाहीये, आपण शार्कच्या कितीतरी जातींना सरसकट मुशी म्हणतो, मालवणीत मोरी म्हणतो, आणि कायदा मुशी हा शब्द ओळखतच नाही, तो जात ओळखतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्यात मासे आले फार उशिरा. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची जी कत्तल चालायची त्यावर बोंब झाली आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्क पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक यादीत गेला, वाघाच्या रांगेत. मग जुलैमध्ये सरकारने एका फटक्यात सगळेच शार्क आणि पाकट यादीत टाकले, मच्छीमार रस्त्यावर आले, कारण रोजच्या जाळ्यात येणारी मुशीसुद्धा गुन्हा झाली होती, आणि डिसेंबर २००१ मध्ये यादी कापून दहा जातींवर आणली. त्यात व्हेल शार्क, करवत मासे, गंगेतला शार्क, मोठा गिटार फिश वगैरे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही त्याच वर्षी पहिल्या शेड्यूलमध्ये गेल्या, त्या मात्र सगळ्याच्या सगळ्या.

आता मुख्य गोष्ट. ती दहा नावांची यादी अजून बऱ्याच ठिकाणी भिंतीवर चिकटवलेली दिसते, ती जुनी आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा शेड्यूलची चार झाली आणि शार्क-पाकटांची यादी वाढली. तेव्हा जुना चार्ट बघून कोणी तुम्हाला चालतं म्हणत असेल तर ऐकू नका, मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा ऑफिसातून नवीन यादी फोटोंसकट मागा.

रोजची छोटी मुशी, जी आपल्याकडे ढिगाने येते, ती देशात खायला विकण्यावर बंदी नाही. एक्स्पोर्टचं गणित वेगळं, शार्कचे पर बाहेर पाठवायला तर २०१५ पासूनच मनाई आहे, पण तुमचा तो धंदा नाही म्हणून सोडून देते.

तुमचा खरा घोळ आहे तो कापलेल्या पॅकेटचा. एकदा पहाटे साडेचारला ससून डॉकवर एका मावशीने मला शिकवलं होतं. पाकटांच्या ढिगात एक लांबडा मासा पडला होता, शेपूट बघितली तर शार्कसारखी, पाठीवर पर उभे, मी म्हटलं मुशी. मावशीने कोयता बाजूला ठेवला, मासा उलटा केला आणि बोट ठेवलं, श्वासाच्या फटी पोटाखाली होत्या. मुशीला त्या गालाच्या बाजूला असतात, पाकटाला खाली. वरून मुशी आणि खालून पाकट असं दिसलं की तो गिटार फिशच्या कुळातला, आणि ते कूळ म्हणजे यादी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही असं कूळ. ती म्हणाली, एकदा मुंडकं उडवलं आणि साल काढली की मलापण नाही ओळखणार, तुला काय ओळखणार. तुमच्याकडे माल येतो तो नेमका मुंडकं उडवून.

आणि बिलाचं म्हणाल तर बिल एवढंच सांगतं की तुम्ही पैसे दिले. बिलावर 'मुशी १० किलो' लिहिलंय आणि लॅबमध्ये पहिल्या शेड्यूलची जात निघाली तर ते बिल तुमच्या बाजूने काही बोलणार नाही. उलट या कायद्याचं कलम ५७ असं आहे की माल ज्याच्या ताब्यात सापडला त्याच्याकडे तो बेकायदाच आहे असं धरून चालतात, नाही म्हणून सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. शिक्षा पहिल्या शेड्यूलला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड निदान २५ हजार. कस्टमरने सात वर्षं म्हटलं ते इथून आलं.

मी तुमच्या जागी असते तर मुशी-पाकट अख्खेच घेतले असते, घेताना वरून आणि खालून दोन फोटो मोबाईलवर, मग कापणं आपल्या शेडमध्ये. खर्च वाढतो, मान्य. पण सप्लायर अख्खा मासा द्यायला का कू करायला लागला तर तेवढ्यावरच समजून जा.

आमच्या कोकणातल्या घरात आजोबांच्या वेळची करवत माशाची करवत, म्हणजे त्याचं लांब दातेरी नाक, भिंतीवर आहे, चार फूट तरी असेल. चुलतभाऊ म्हणतो ऑनलाइन विकू, अँटिक आहे. आम्ही काही शिकार केलेली नाही. – एक वाचक, रत्नागिरी

ताई, आधी भावाला सांगा जाहिरात टाकली असेल तर आत्ताच्या आत्ता काढ. अशा जाहिराती शोधत बसणारी माणसं असतात आणि त्यातली काही गिऱ्हाईक नसतात.

आजोबांनी ती मिळवली तेव्हा कुठलाच नियम मोडला नसणार, करवत मासे २००१ पर्यंत यादीत नव्हतेच. कोकणात जुन्या घरांत ही करवत दिसते, जाळ्यात एवढा मोठा जीव आला याची ती खूण असायची, आता जिवंत करवत मासा बघितलेला मच्छीमार शोधून सापडायचा नाही. पण तेव्हा कायदेशीर होतं म्हणून आज विकणं कायदेशीर होत नाही. अशी वस्तू वारशाने आली तर नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करायचं असतं, मग चौकशी होऊन मालकीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. जुन्या वस्तूंसाठी २००३ मध्ये सरकारने एकदा खास मुदतही दिली होती, १८० दिवसांची, ती गेली. आणि समजा आजोबांनी किंवा वडिलांनी तेव्हा प्रमाणपत्र काढलेलं कपाटात सापडलंच, तरी त्याने फक्त ठेवता येतं, धंदा म्हणून विकता येत नाही.

म्हणून आधी जुन्या ट्रंका उघडा, कागद आहे का बघा. असेल तर वारस म्हणून नाव लावून घ्या. नको असेल तर परत करण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीत केली आहे, मोबदला मात्र मिळत नाही. कागद नसेल तर वकिलाला घेऊन वनविभागात जा, स्वतःहून गेलेल्या माणसाकडे आणि धाडीत सापडलेल्या माणसाकडे बघायची नजर वेगळी असते, पण मी वकील नाही, काय लिहून द्यायचं ते त्यांनाच विचारा. रात्री नेऊन खाडीत टाकू असं जे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय ते मात्र अजिबात करू नका.

उजनीच्या बाजूला शेततळं आहे, व्यापारी 'हायब्रीड मांगूर'चं बीज देतो, लवकर वाढतो म्हणतो. मांगूर संरक्षित आहे का? – एक शेतकरी वाचक

संरक्षित नाही हो, उलटं. तो जो लवकर वाढतो तो थाय मांगूर म्हणजे आफ्रिकन मांगूर, त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, पाळायलाही आणि विकायलाही, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर तळी उपसून मासे पुरून टाकण्याच्या कारवाया महाराष्ट्रात झाल्यात. कारण सरळ आहे, तो वाटेल ते खातो, चिखलात जगतो, पुराच्या पाण्याबरोबर तळ्यातून नदीत निघून जातो आणि मग आपल्या माशांना राहायला जागा उरत नाही.

आपला देशी मांगूर वेगळा, तो चालतो. ओळखायचं कसं तर डोक्याच्या मागच्या हाडावर बोट फिरवा, जिथे कवटी संपून पाठ सुरू होते तिथे. देशी असेल तर हाड एका टोकात संपतं, व्ही अक्षरासारखं. आफ्रिकन असेल तर कड नागमोडी लागते, डब्ल्यूसारखी. अर्थात बीज बोटाएवढं पण नसतं तेव्हा यातलं काहीच कळत नाही, व्यापाऱ्याला ते पक्कं माहितीय, म्हणून तर तो हायब्रीड म्हणतो. सरकारी बीज केंद्रातून किंवा नोंदणी असलेल्या हॅचरीतून घ्या, आणि सहा महिन्यांत किलोचा होतो असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मुलाला अरोवाना पाहिजे. दुकानदार म्हणतो इंपोर्टेड आहे, चिप आहे, सर्टिफिकेट आहे. घेऊ का? – एक आई, ठाणे

कुठला अरोवाना ते आधी विचारा. दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर अरोवाना वेगळा, त्याला हे चिप-सर्टिफिकेट प्रकरण लागत नाही. लाल, सोनेरी म्हणून जो भारी किमतीला विकतात तो आशियाई अरोवाना, तो सायटीस करारात, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, पहिल्या परिशिष्टात आहे म्हणजे सगळ्यात कडक यादीत. रानातला पकडलेला विकताच येत नाही. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियात नोंदणी झालेल्या फार्मवर पैदास केलेलाच मासा विकता येतो, त्याच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तिचा नंबर कागदावर असतो.

तेव्हा दुकानात सर्टिफिकेट बघून खूश होऊ नका, त्याला सांगा रीडर लावून दाखव. चिप वाचून जो नंबर येईल तो कागदाशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एकांकडे असाच मासा होता, कागद सुंदर, लॅमिनेट केलेला, आणि रीडर लावला तर चिपच नाही. एकाच सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर किती मासे विकले असतील देव जाणे.

दुसरं म्हणजे घरी आणल्यावरही सुटका नाही. सायटीसच्या यादीतले जिवंत प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये आहेत, २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मासा दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवायचं. आणि दुकानदार म्हणाला की पुढचा मासा मी डायरेक्ट मागवून देतो तर विचारा परवाने कुठले, कारण जिवंत मासा परदेशातून आणायला सायटीसचा परवाना एक, रोगराईसाठी सॅनिटरी इंपोर्ट परमिट दुसरं, वर क्वारंटाइन. मुलाला सांगा गप्पी पाळ आधी वर्षभर. तो मासा दोन-अडीच फूट होतो आणि वीस वर्षं जगतो, मुलगा कॉलेजला गेला की पाणी बदलायला तुम्हीच.

याच पत्रात ताईंनी विचारलंय की नणंद परदेशातून वाळवलेले समुद्रघोडे आणणार आहे, शोपीस म्हणून, ते चालतं का, तिकडच्या माणसाने चारपर्यंत चालतात म्हणून सांगितलं. चारचा आकडा खरा आहे, सायटीसमध्ये वैयक्तिक सामान म्हणून तेवढी सूट आहे. पण आपल्याकडे समुद्रघोडे पहिल्या शेड्यूलमध्ये, आणि सायटीसने सूट दिली म्हणून देशाचा स्वतःचा कडक कायदा सैल होत नाही. नको म्हणावं तिला. फ्रिज मॅग्नेट आण म्हणावं.

माझी आई मासे विकते. जून-जुलैत लोक येऊन म्हणतात बंदी आहे ना मग तुम्ही कसे विकता, व्हिडिओ काढतात. आणि छोटे पापलेट ठेवायचे की नाही? – एक वाचक, अलिबाग

आईला माझा नमस्कार सांगा आणि त्या व्हिडिओवाल्यांना हे वाचायला द्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, बंदी असते ती यांत्रिक बोटींनी समुद्रात मासेमारी करायला. विकायला नाही. बिगरयांत्रिक होडीने किनाऱ्याजवळ धरलेले, खाडीतले, तळ्यातले, बर्फातले, सुके, सगळे विकता येतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे आपल्या बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा जूनच्या मध्यापासून तिकडे आंध्र-ओडिशाच्या बोटी सुटलेल्या असतात आणि तो माल ट्रकने इकडे येतो. आईकडे जुलैत ताजी सुरमई दिसली म्हणून चोरीचीच असेल असं नाही. फक्त ज्याच्याकडून घेते त्याची पावती टोपलीत ठेवू दे, गावाचं नाव असलेली.

छोट्या पापलेटचं मात्र ते लोक बोलले तर चूक नाही. २०२३ मध्ये पापलेट राज्याचा मासा झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने ५४ जातींना कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. साडेतेरा सेंटीमीटर म्हणजे मोठ्या बाईच्या हाताचा तळवा आणि वर बोटांचं दीड पेर, आईने टोपलीत हात ठेवला तरी कळेल. त्याहून लहान पापलेटने अंडी घातलेलीच नसतात, ते धरले की पुढच्या वर्षीची टोपली आत्ताच संपवली. केरळने हे आधीच केलं होतं, आपण उशिरा केलं.

मला यात एकच राग येतो. बारीक भोकांचं जाळं लावून टनाने छोटे पापलेट आणणारी बोट बंदरात, आणि हटकणारे येतात ते टोपलीवालीकडे. नियम आधी पकडणाऱ्याला लागतो, तिथे बघितलं तर टोपलीत येणारच नाहीत. पण ते होईपर्यंत आईने लहान माल लिलावात उचलू नये, ती आणि तिच्या चार मैत्रिणी उचलणार नाहीत म्हटल्यावर भाव पडतो, आणि भाव पडलेला तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, लगेच कळतो.

सिंधुदुर्गातून एकांनी विचारलंय की गोव्यात टेम्पोने मासे नेताना अडवतात ते कुठल्या कायद्यात. ते माशाच्या जातीचं प्रकरण नाही, २०१८ मध्ये मासे टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरतात यावरून गदारोळ झाला तेव्हापासून गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीला अन्न औषध खात्याची नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी लावली, छोट्या टेम्पोवाल्यांचे तेव्हा फार हाल झाले. तुम्हाला तिथला आजचा नियम तिथल्याच खात्यात विचारावा लागेल, एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्याच्या नाक्यावर चालेलच असं नाही.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, व्हेल शार्क आला तर आम्ही गुन्हेगार होतो का? जाळं फाडून सोडला तर जाळ्याचे पैसे कोण देणार? – एक मच्छीमार वाचक, मालवण

चुकून आला आणि सोडला तर कोणी गुन्हेगार म्हणत नाही. किनाऱ्यावर ओढला, कापला, तेल काढलं, मग गुन्हा. आणि जाळ्याचे पैसे सरकार देतं, डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून चालवतात. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत नुकसानभरपाई मिळते. व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन सगळ्यांना लागू. गुजरातमध्येही अशी भरपाई आहे, तिथे तर कथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला व्हाली म्हणजे लाडकी म्हटलं, माहेरी येणारी लेक म्हटलं आणि जे लोक आधी भाल्याने मारायचे तेच जाळी कापायला लागले.

आता पैसे अडकतात कुठे ते सांगते, कारण तीन-चार जणांचे अडकलेले बघितलेत. मासा सोडून झाला, सगळे आनंदात, आणि मग आठवतं फोटो राहिला. मासा जाळ्यात असतानाचा फोटो पाहिजे, जाळं कापतानाचा पाहिजे, आणि तो पाण्यात निघून जातानाचा पाहिजे, व्हिडिओ असेल तर उत्तम, बोटीचा नंबर त्यात एकदा तरी दिसू दे. कापलेलं जाळं लगेच शिवायला घेऊ नका, आधी पसरून फोटो. बोटीची नोंदणी आणि लायसन्स चालू पाहिजे, ते संपलेलं असलं की फाईल तिथेच थांबते.

सोडवताना शेपटीला दोर बांधून मागे ओढू नका, त्या माशाला पाणी तोंडातून आत घेऊन फटीतून बाहेर टाकायचं असतं, उलटा ओढला की गुदमरतो. तोंड समुद्राकडे करून जाळं बाजूने कापायचं. आणि रापणीला पन्नास माणसं असतात, त्यातल्या एकाला आधीच सांगून ठेवा की तू दोर धरायचा नाहीस, तू फक्त मोबाईल धरायचा. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पातळ असेल तर त्यातूनपण शूटिंग नीट येतं.